दहा पौंडांचं पेटंट

इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी 'लाइफ इन द यूके' नावाचं जे अधिकृत पुस्तक पाठ करावं लागतं, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. आमच्याकडे ते बायकोच्या परीक्षेच्या वेळी आलं. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांची उजळणी घेता घेता मी विसाव्या शतकातल्या ब्रिटिश शोधांच्या यादीपाशी थबकलो, कारण तिथे माझ्या धंद्यातलं काहीतरी होतं. २०१३ च्या आवृत्तीतल्या त्या दोन वाक्यांचा मथितार्थ असा: पैसे देणाऱ्या एटीएमचा शोध १९६० च्या दशकात जेम्स गुडफेलो यांनी लावला, आणि असं पहिलं यंत्र बार्कलेज बँकेने १९६७ साली उत्तर लंडनमधल्या एन्फील्डला बसवलं.

दोन्ही वाक्यं सुटी सुटी वाचली तर फारसं बिघडत नाही. एकापुढे एक ठेवली की मात्र घोटाळा होतो, कारण एन्फील्डचं यंत्र गुडफेलोंचं नव्हतंच! ते होतं जॉन शेपर्ड-बॅरन यांचं. या दोन माणसांमधला फरक नुसता 'पहिला कोण' एवढाच असता तर मी त्यावर लेख लिहायला बसलो नसतो. एकाने आपल्या कल्पनेचं पेटंट घेतलं आणि दुसऱ्याने मुद्दाम घेतलं नाही. का घेतलं नाही, हा प्रश्न बँकांच्या पेमेंट प्रणालींवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला अजूनही रोज भेटतो.

आधी शेपर्ड-बॅरन. या गृहस्थांचा जन्म १९२५ चा, आणि तो आपल्या शिलाँगचा. वडील चितगाव बंदराचे मुख्य अभियंता, आई विम्बल्डनची दुहेरीतली विजेती. दुसऱ्या महायुद्धात हे हिंदुस्थानातल्या हवाई छत्री दलात होते. नंतर ते डे ला रू कंपनीत लागले. हे नाव नाशिककरांना ऐकून माहीत असेल. १९२० च्या दशकात नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस निघाला, तोपर्यंत हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनमध्ये हीच कंपनी छापत असे. म्हणजे कागदाला पैशाची किंमत आणणं आणि त्याची नक्कल होऊ न देणं, हा त्या घराण्याचा पिढीजात धंदा.

त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की एका शनिवारी ते बँकेत पोहोचले तेव्हा दार नुकतंच बंद झालं होतं. त्या संध्याकाळी टबमध्ये बसल्या बसल्या त्यांना नाणं टाकलं की चॉकलेट देणारं यंत्र आठवलं. चॉकलेटऐवजी नोटा का नकोत? (शोधकर्त्यांना आंघोळीच्या वेळीच कल्पना सुचण्याची परंपरा आर्किमिडीजपासूनची, तेव्हा या हकीकतीवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.) बार्कलेजच्या मुख्य व्यवस्थापकांना त्यांनी ती ऐकवली, आणि सहा यंत्रांची मागणी आली. २७ जून १९६७ रोजी एन्फील्डच्या शाखेच्या भिंतीत पहिलं यंत्र सुरू झालं. पैसे काढायला रेग व्हार्नी या लोकप्रिय विनोदी नटाला बोलावलं होतं.

त्या यंत्रात कार्ड नव्हतं. बँकेकडून आधी कागदी व्हाउचर आणून ठेवायचं, एक व्हाउचर म्हणजे दहा पौंड. त्यावर कार्बन-१४ या अगदी सौम्य किरणोत्सारी द्रव्याची खूण केलेली असे. यंत्र ती ओळखायचं, मग ग्राहकाने आपला आकडा दाबायचा, की एकेक पौंडाच्या दहा नोटा बाहेर. व्हाउचर यंत्राच्या पोटात राहायचं. किरणोत्साराची भीती घालणाऱ्यांना शेपर्ड-बॅरन हिशेब ऐकवत, की काही परिणाम व्हायचा तर असे १,३६,००० कागद खावे लागतील!

आता पेटंटचा मुद्दा. त्यांनी २००७ साली मुलाखतीत सांगितलं, की पेटंटसाठी अर्ज करायचा तर संकेताची पद्धत कागदावर उघड करावी लागेल आणि मग चोरांना ती उकलता येईल, असं बार्कलेजच्या वकिलांचं मत पडलं. म्हणून अर्जच केला नाही.

त्याच सुमाराला, किंबहुना थोडं आधीच, ग्लासगोजवळ दुसरा माणूस याच कोड्यावर काम करत होता. जेम्स गुडफेलो हे पेस्लीचे, जन्म १९३७, स्मिथ्स इंडस्ट्रीजच्या गटात डेव्हलपमेंट इंजिनिअर. टबातली प्रेरणा वगैरे काही नाही. १९६५ साली साहेबांनी काम सोपवलं म्हणून केलं. शनिवारी बँका बंद ठेवाव्यात असा कर्मचाऱ्यांचा आग्रह होता (१९६९ पासून तसं झालंही), आणि आठवडाभर नोकरीवर असणाऱ्या माणसाला पैसे मिळावेत कसे ही बँकांना चिंता होती. नोटा मोजून बाहेर सरकवणारं यंत्र बनवणं त्या मानाने सोपं. खरी अडचण ही, की भिंतीला डोळे नसतात. काउंटरवरचा कारकून चेहरा ओळखतो, सही ताडून पाहतो. भिंतीने कोणाला ओळखायचं आणि कसं?

गुडफेलोंनी बोटांचे ठसे, आवाज, डोळ्यांतलं पटल या सगळ्याचा विचार केला होता. त्या काळच्या यंत्रांना ते झेपणारं नव्हतं. मग त्यांनी ओळख दोन तुकड्यांत वाटली. एक तुकडा भोकं पाडलेल्या कार्डात, दुसरा माणसाच्या डोक्यात. कार्ड घालायचं, दहा बटणांवर आपला आकडा दाबायचा. कार्डातला आकडा आणि दाबलेला आकडा यांच्यातलं नातं यंत्राला ठाऊक. ते जुळलं तरच नोटा. नुसतं कार्ड चोरून उपयोग नाही, नुसता आकडा ऐकूनही नाही. २ मे १९६६ ही त्या पेटंटची तारीख, ब्रिटिश पेटंट क्रमांक ११९७१८३. आज आपण ज्याला पिन म्हणतो त्याची कागदोपत्री जन्मपत्रिका म्हणजे हा दस्तऐवज, आणि त्यावर गुडफेलोंबरोबर त्यांचे वरिष्ठ अँथनी डेव्हिस यांचंही नाव आहे.

कंपनीच्या नोकराने लावलेला शोध कंपनीचा. वेगवेगळ्या देशांतल्या पेटंटच्या कागदांवर सही करण्याबद्दल दर देशाला एक डॉलर अशी रीत होती. पंधरा देश झाले, म्हणजे पंधरा डॉलर, गुडफेलोंच्या हिशेबाने साधारण दहा पौंड. एन्फील्डच्या यंत्रातून एका व्हाउचरवर निघायचे तेवढेच!

त्यांच्या पद्धतीचं यंत्र एन्फील्डनंतर जेमतेम महिन्याभराने वेस्टमिन्स्टर बँकेने बसवलं. मधल्या काळात, ६ जुलैला, स्वीडनमधल्या उप्साला इथे तिसऱ्याच लोकांचं यंत्र सुरू झालेलं होतं. अमेरिकेतही लूथर सिम्जियन यांनी पैसे भरून घेणारं यंत्र १९६० च्या सुमारास न्यू यॉर्कच्या एका बँकेत ठेवून पाहिलं होतं, पण ते चाललं नाही. बॅटिझ-लाझो या इतिहासकाराने एटीएमवर मोठा ग्रंथ लिहिला आहे. एटीएमचा एकच एक जनक दाखवता येत नाही, एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेक इंजिनिअरांनी एकाच वेळी ते घडवलं, असं त्याचं मत. ते मला पटतं. तरीसुद्धा शेपर्ड-बॅरन यांना २००५ साली ओबीई किताब मिळाला आणि वर्तमानपत्रांनी त्यांना एटीएमचे जनक म्हटलं, तेव्हा इतकी वर्षं गप्प बसलेले गुडफेलो बोलले. माझी पद्धत कार्ड आणि पिनची, आणि जगभर तीच चालू आहे, किरणोत्सारी कागदाची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पुढल्या वर्षी त्यांनाही ओबीई मिळाला, तो पिनचे पेटंटधारक म्हणून. शेपर्ड-बॅरन मात्र सांगत राहिले, की पिन आपलाच: आपण लष्करातल्या क्रमांकासारखा सहा अंकी आकडा योजला होता, पण स्वयंपाकघरात बायको म्हणाली चारच अंक लक्षात राहतात, म्हणून चार झाले. दोघांच्या भांडणात माझं मत गुडफेलोंकडे झुकतं, आणि त्याचं कारण भावनिक नाही. त्यांचा कागद आहे. तारीख घातलेला, कोणालाही वाचता येणारा.

आता त्या वकिलांच्या सल्ल्याकडे येतो. पेटंट हा एक सौदा असतो. तुमची युक्ती तुम्ही जगाला नीट समजावून सांगायची, आणि त्याबदल्यात ठरावीक वर्षं ती वापरण्याचा हक्क सरकार फक्त तुम्हाला देणार. 'पेटंट' या शब्दाचा मूळ अर्थच 'उघडं'. राजाचं मोहोर न फोडता वाचता येणारं खुलं पत्र. साबणाच्या किंवा शिलाईयंत्राच्या बाबतीत हा सौदा सरळ आहे. पण कुलपाचं काय? कुलूप करणाऱ्याने ते कसं चालतं हे छापून टाकलं तर ते विकत कोण घेईल?

गंमत अशी, की कुलपांच्या धंद्यात हा वाद एन्फील्डच्या कितीतरी आधी होऊन गेला होता, आणि तो याच लंडनमध्ये. गुडफेलोंना ज्या कामाला लावलं होतं त्यात तिजोऱ्या बनवणारी चब्ब कंपनी भागीदार होती. त्या घराण्यातल्या जेरेमाया चब्ब यांनी १८१८ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. आदल्या वर्षी पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली म्हणून सरकारने चांगल्या कुलपासाठी बक्षीस लावलं होतं. चब्बच्या कुलपात भलती किल्ली फिरली की आतली पट्टी अडकून बसे आणि कोणीतरी हात लावला हे मालकाला कळे. तुरुंग-जहाजावरच्या एका कैद्याला, जो मूळचा कुलूपवालाच होता, ते उघडलंस तर सुटका आणि शंभर पौंड असं सांगितलं. तो महिनोन् महिने झटला आणि हरला. दुसरं नामांकित कुलूप ब्रामा यांचं, पेटंट १७८४ चं. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ते आव्हान म्हणून टांगलेलं असे: उघडणाऱ्याला दोनशे गिनी.

१८५१ साली हाइड पार्कातल्या जगप्रसिद्ध प्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला लंडनला आला. त्याने साक्षीदारांसमोर चब्बचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, पण तेही उघडलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. असं जाहीरपणे दाखवणं म्हणजे चोरांना शिकवणी देणं नाही का? हॉब्जच्या बाजूचं उत्तर होतं, की चोरांना त्यांचा धंदा आपल्यापेक्षा चांगला येतो. आपण बोललो नाही तर अंधारात राहतो तो फक्त प्रामाणिक गिऱ्हाईक. पुढे १८८३ साली कर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने लष्करी संकेतलिपींबद्दल तोच विचार नियम म्हणून मांडला. सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली.

या नियमाने पाहिलं तर बार्कलेजच्या वकिलांचं चुकलं, असं मी म्हणेन. कागदावर किरणोत्सारी खूण आहे ही गोष्ट कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेला एका व्हाउचरवरून कळली असती. गुडफेलोंचं पेटंट जगाने वाचलं, आणि तरी पिन टिकला, कारण त्यातलं गुपित पद्धतीत नव्हतं, तुमच्या-माझ्या डोक्यातल्या आकड्यात होतं. आमच्या क्षेत्रात मात्र अजूनही ही समजूत मुरलेली आहे. एका बैठकीत एक वरिष्ठ साहेब मला म्हणाले होते, "हे कसं चालतं हे कोणालाच सांगायचं नाही, तीच आपली सिक्युरिटी." मी त्यांना हॉब्जची गोष्ट सांगितली. ती त्यांना फार आवडली, आणि इतिवृत्तात काही ती आली नाही.

पण गुप्ततेची खरी किंमत एन्फील्डला नाही, चेल्टनहॅमला मोजली गेली.

तिथे ब्रिटिश सरकारचं जीसीएचक्यू हे गुप्तसंदेशांचं खातं आहे. पिढ्यान् पिढ्या एक अडचण होती: संदेश कुलूपबंद करून पाठवायचा तर किल्ली आधी दुसऱ्याकडे पोहोचवावी लागते, आणि ती वाटेत चोरली गेली तर सगळंच संपलं. जेम्स एलिस यांनी १९७० साली दाखवलं, की किल्ली न पाठवताही काम होऊ शकतं. आपलं साधं दाबून लावायचं कुलूप घ्या. लावायला किल्ली लागत नाही, उघडायलाच लागते. मी माझी उघडी कुलपं गावभर वाटली तर कोणीही पेटीत काही घालून कुलूप दाबून मला पाठवू शकेल. उघडणार मात्र मीच. असं कुलूप गणितात कुठून आणायचं हे एलिसना सापडलं नव्हतं. ते १९७३ साली ऑक्सफर्डहून नुकत्याच रुजू झालेल्या क्लिफर्ड कॉक्स या तरुणाने एका संध्याकाळी घरी बसून शोधलं, तेही कागदावर न लिहिता, कारण कचेरीचं काम घरी लिहायला बंदी! युक्ती मूळ संख्यांची. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार ३२३३, हे शाळकरी पोरही करील. पण नुसतं ३२३३ देऊन ते कोणत्या दोन संख्यांचं, हे विचारलं तर वेळ लागतो. संख्या शेकडो अंकी असल्या तर संगणकही हात टेकतात.

खात्याने हे कपाटात ठेवलं. पेटंट नाही, प्रसिद्धी नाही. आणि त्या काळच्या संगणकांना तेवढं गणित झेपत नसल्याने फारसा वापरही नाही. १९७७ साली अमेरिकेत एमआयटीच्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली, जाहीर केली आणि डिसेंबरात पेटंटचा अर्ज केला. १९८३ साली ते मिळालं. आज इंटरनेटवर रुळलेलं 'आरएसए' हे नाव त्या तिघांच्या आद्याक्षरांचं आहे. चेल्टनहॅमची हकीकत सरकारने डिसेंबर १९९७ मध्ये उघड केली. एलिस नोव्हेंबरात वारले होते. काही आठवडे आधी जाहीर केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. देशाचं गुपित समजू शकतो, पण वीस वर्षं अमेरिकन पुस्तकांतून छापून येत असलेल्या गोष्टीचं गुपित मला समजत नाही.

अमेरिकनांच्या पेटंटचीही एक मजा झाली. अर्जाच्या आधीच, १९७७ च्या ऑगस्टमध्ये, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात ती युक्ती छापली होती. अमेरिकन कायद्यात प्रसिद्धीनंतर वर्षभराची सवलत होती, युरोपात नव्हती. त्यामुळे आरएसए अमेरिकेत पैसे देऊन वापरायचं आणि बाहेर सगळ्यांना फुकट, अशी स्थिती सप्टेंबर २००० मध्ये पेटंट संपेपर्यंत राहिली. त्याच सदरात १२९ अंकांची एक संख्या देऊन ती फोडण्याचं आव्हान होतं. १९९४ साली इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी ते फोडलं. ही तारीख लक्षात ठेवा.

फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली चिप बसवलेल्या कार्डाचं पेटंट घेतलं होतं (जर्मनीत डेथलॉफ आणि ग्रोट्रुप यांनी त्याआधीच तशा कल्पनेचे अर्ज केले होते). मोरेनोंनी पेटंटवर भरपूर पैसे मिळवले, म्हणजे दहा पौंडच मिळतात असा काही नियम नाही! फ्रेंच बँकांची सगळी कार्डं १९९० च्या दशकात चिपची झाली. खरं कार्ड ओळखायला त्यांत आरएसएचंच गणित होतं, पण संख्या शंभराहूनही कमी अंकांची. १२९ अंक जगाने चारचौघांत फोडल्यावरही ती बदलली गेली नव्हती. सर्ज उम्पिश नावाच्या इंजिनिअरने घरच्या संगणकावर ती फोडली, बँकांच्या संघटनेशी बोलणी करून पाहिली, आणि खात्री पटवायला स्वतः बनवलेल्या कार्डांनी पॅरिसच्या मेट्रोची तिकिटं काढली. फेब्रुवारी २००० मध्ये त्याला दहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. हॉब्जला दीडशे वर्षांपूर्वी याच कामगिरीबद्दल दोनशे गिनी मिळाल्या होत्या.

इथे दुकानातली सही जाऊन चिप आणि पिन सक्तीचे झाले ते १४ फेब्रुवारी २००६ ला, व्हॅलेंटाइन डेला. मुंबईत पहिलं एटीएम हाँगकाँग बँकेने १९८७ साली बसवलं, म्हणजे एन्फील्डनंतर वीस वर्षांनी. ती दरी मात्र आता उलट्या बाजूने भरून निघाली आहे. गेल्या सुट्टीत पुण्याला मंडईत मेथीच्या जुडीचे पैसे द्यायला क्यूआर कोड पुढे आला. तो कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ साली काढला. पेटंट घेतलं आणि प्रमाणाप्रमाणे वापरणाऱ्या कोणाकडूनही पैसे मागणार नाही असं जाहीर केलं. उघडं ठेवण्याची ही तिसरीच तऱ्हा.

शेपर्ड-बॅरन २०१० साली इन्व्हर्नेसला वारले, गुडफेलो जानेवारी २०२४ मध्ये. एन्फील्डच्या यंत्राला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१७ साली, बार्कलेजने तिथल्या यंत्राला सोनेरी मुलामा दिला. आणि २०१६ साली आलेल्या आपल्या यूपीआयचा पिन काही बँकांत चार अंकी आहे, काहींत सहा अंकी. त्या स्वयंपाकघरातला वाद अजून मिटलेला दिसत नाही.